आज कोण झोपलं न्हाई?

सकाळी दवाखान्यात आल्यावर मगदूम अण्णा जो पहिला प्रश्न विचारायचे, तो पेशंटबद्दलचा नसायचा. कोरोनाच्या दिवसांत आम्हाला सगळीकडून एकच विचारलं जायचं: आज किती? तालुक्याहून फोन यायचा, आज किती. जिल्ह्याहून मेसेज यायचा, आज किती. गावातली माणसं फाटकापासून दहा हातांवर गाडी उभी करून ओरडायची, "आज किती ओ?" अण्णा पाण्याचे कॅन घेऊन यायचे, मोटारसायकल लिंबाखाली लावायचे आणि व्हरांड्यात उभं राहून आम्हाला विचारायचे, "आज कोण झोपलं न्हाई?"

मग ते एकेकाच्या डोळ्यांकडे बघायचे. मास्कमुळे चेहरे दिसत नसत, डोळे तेवढे दिसत. "आशाताई, तुमी घरी जावा. सर्वे उद्या. सुजाता, तू दोन वाजेस्तोवर आत जाऊन पड. बाळंतीण आली तर उठवतो. रिपोर्ट मागायला कोण आलं तर उठवणार न्हाई."

अण्णा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होते. म्हणजे कागदावर त्यांचं काम गावोगावच्या आरोग्य सेवकांवर देखरेख करण्याचं. देखरेख या शब्दाचा अर्थ आमच्याकडे बहुतेक जण चुका शोधणं असा घेतात. अण्णांनी तो माणसं सांभाळणं असा घेतला होता. तसा कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नाही आणि कधी कुणी मदतही केली नाही.

आमचं केंद्र माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना बाळंतपणासाठी जवळचं ठिकाण ते एकच. आणि बाळंतपण करणारी नर्सही एकच, सुजाता. दुसऱ्या नर्सची जागा आधीपासून रिकामी होती. डॉक्टर अर्धा आठवडा तालुक्याच्या कोविड सेंटरला जायचे. त्यामुळे सुजाता आहे तोवर आमचा दवाखाना हा दवाखाना, ती नसेल तर नुसती गोळ्या वाटायची जागा. अण्णांची त्या काळातली सगळी धडपड एवढ्याचसाठी होती: सुजाता टिकली पाहिजे.

मी तिथं औषधं देते. माझे वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं, असं आमच्या घराचं वर्ष. पदवी घेतलेली घरातली मी पहिली. त्यामुळे नोकरीवर आले तेव्हा पॅन्ट-शर्टातलं कुणीही दिसलं की मी खुर्चीवरून उठायचे. पहिल्याच आठवड्यात अण्णा खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "बसून मोजा, मॅडम. साहेब आला तरी बसूनच मोजा. उठबस केली की गोळ्या चुकत्यात." मला मॅडम म्हणणारे ते पहिले. मी आजही बसून मोजते.

ते मूळचे वाळवा तालुक्यातले, इस्लामपूरच्या पलीकडच्या एका गावचे. जैन शेतकऱ्याचं घर, भरपूर पाण्याचा मुलूख. "आमच्याकडं उसात पाय टाकला की चिखलात जातो, तुमच्याकडं बोरमध्ये बादली टाकली तर धूळ वर येती," असं म्हणायचे. बदली करून घेऊन परत जाणं त्यांना सहज जमलं असतं, पण गेले नाहीत. का, ते सांगितलं नाही. एकदा फारच विचारलं तर म्हणाले, "तिकडं लय गोड खात्यात ओ. मला सोसत न्हाई."

क्वार्टरमधल्या नळाला त्यांनी पांढरं फडकं बांधलं होतं. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे. मावळल्यावर काही नाही, पहाटेपर्यंत उपाशी. एरवी त्यात काही अडचण नव्हती. कोरोनात मात्र नेमकी पाच वाजता तालुक्याची ऑनलाइन मीटिंग लागायची आणि दिवस मावळेपर्यंत चालायची. पहिले आठ दिवस अण्णा उपाशी राहिले, आणि ते आम्हाला माहीतही नव्हतं. कळल्यावर सुजातानं युक्ती काढली. मीटिंगमध्ये अण्णांचं नाव पुकारलं की ती मोबाइलपुढं तोंड करून सांगायची, "सर, नेटवर्क जातंय. सहायक फील्डवर आहेत." तेव्हा सहायक मागच्या पायरीवर भाकरी मोडत बसलेले असायचे. तोंडात घास धरून कुरकुरायचे, "खोटं बोलायला लागली ही पोरगी." सुजाता म्हणायची, "खोटं कुठंय? पायरी काय घरात हाय व्हय?"

अण्णांना राग आला की ते ओरडत नसत. त्यांची भाषा बदलायची. एरवी 'हाय-न्हाई' बोलणारा माणूस अचानक सरकारी पत्रासारखा बोलायला लागायचा. 'कृपया' आला की आम्ही समजायचो, पेटलं.

हात धुण्याच्या पोस्टरांच्या वेळी मी ते पहिल्यांदा पाहिलं. लॉकडाऊन लागल्यावर आमच्याकडे गुंडाळी करून पोस्टरं आली. हात कसे चोळायचे, किती वेळ चोळायचे, सगळं चित्रांसकट. त्याच आठवड्यात आमचं बोअर आटलं. सुजाता बाळंतपण करून बाहेर आली, तर हात धुवायला बादलीत तांब्याभरच पाणी. तेवढ्यात तालुक्याहून फोन, पोस्टर लावल्याचे फोटो पाठवा. अण्णांनी फोन घेतला.

"साहेब, नमस्कार. कृपया मला मार्गदर्शन करावे. पोस्टरमधील तिसऱ्या चित्रात नळातून पाणी येताना दाखवले आहे. आमच्या नळातून येत नाही. तरी ते चित्र लावावे की वगळावे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. अण्णा "आभारी आहे" म्हणाले आणि फोन ठेवून मोटारसायकलला दोन कॅन बांधून निघाले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते मैलभरावरच्या एका विहिरीवरून पाणी आणायचे. ग्रामपंचायतीला टँकरसाठी अर्ज दिला होता. मग दुसरा दिला, मग तिसरा. अर्जाची पोच मिळायची, पाणी मिळायचं नाही.

आत जाऊन पडायचं ती खोलीही त्यांनीच केलेली. आमच्या इमारतीत जुन्या रजिस्टरांची एक खोली होती. अण्णांनी रजिस्टरं पत्र्याच्या पेट्यांत भरून व्हरांड्यात काढली, खोली फिनाइलनं धुतली आणि शस्त्रक्रिया शिबिरांच्या काळातल्या दोन लोखंडी खाटा तिथं टाकल्या. खिडकीला जुनी चादर लावली. दारावर काही लिहिलं नाही. आम्ही तिला झोपेची खोली म्हणायला लागलो.

पंधरवड्यातच तालुक्याचे साहेब तपासणीला आले. दार उघडून बघतात तर एका खाटेवर एक आशाताई गाढ झोपलेल्या.

"हे काय आहे?"

"झोपायची खोली, साहेब."

"कुणाच्या आदेशानं?"

आशाताई दचकून उठल्या आणि पदर सावरत बाहेर पळाल्या. अण्णा म्हणाले, "साहेब, कृपया मला सांगावे. बाळंतीण टेबलावर असताना उभ्या-उभ्या नर्सचा डोळा लागला, तर ते कुणाच्या आदेशाने धरायचे?"

साहेबांचेही डोळे लाल होते. कितीतरी दिवस ते गाडीत बसून तालुका फिरत होते. "फाइल आणा," म्हणत ते खाटेच्या कडेवर टेकले. अण्णा फाइल घेऊन येईपर्यंत साहेब बुटांसकट आडवे झाले होते. अण्णांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर ड्रायव्हरला सांगितलं, "हॉर्न वाजवायचा न्हाई गड्या. तू बी सीट मागं घे." साहेब तासाभरानं उठले, तोंड धुतलं आणि तपासणीच्या वहीत सही करून निघून गेले. त्या खोलीबद्दल पुन्हा कधी विचारणा झाली नाही.

पण त्या खोलीतल्या झोपेनं सुजाताचं भागत नव्हतं. ती जावळीची, मेढ्याच्याही पुढच्या डोंगरातल्या गावची. चार वर्षांची मुलगी आईजवळ ठेवून कंत्राटावर इकडं आलेली. महिन्यातून दोनदा घरी जायची. लॉकडाऊन लागला आणि ते बंद झालं. रजा बंद, एसटी बंद. इकडं गावात तिनं खोली घेतली होती ती सदाशिव तात्यांच्या घरी. तात्या गावातलं मोठं प्रस्थ, दोनदा उपसरपंच झालेले. मुंबईहून माणसं परत यायला लागली, पहिला पेशंट सापडला, तसं तात्यांनी सुजाताला सांगितलं, "बाई, राग मानू नका. घरात म्हातारी हाय. तुमी तुमची सोय दुसरीकडं बघा."

अण्णा तात्यांना समजवायला गेले. तात्यांनी अंगणातच, लांब खुर्ची टाकून दिली आणि चहा कागदी कपात दिला. परत आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "माणूस वाईट न्हाई. भ्यालाय." आणि सुजाताचं सामान स्वतःच्या क्वार्टरमध्ये नेऊन टाकलं. स्वतः रजिस्टरांच्या पेट्यांशेजारी, व्हरांड्यात झोपायला लागले. पेट्यांवर अंथरूण घालायचे. "नोंदीवर झोपतोय," म्हणायचे. "बगा, सरकारी कामाशी इतका जवळचा माणूस तुमास्नी सापडायचा न्हाई."

रजेचा अर्ज सुजाता दर महिन्याला करायची. अण्णा त्यावर शिफारस लिहायचे, स्वच्छ, गोल अक्षरात. 'सदर कर्मचारी सलग कार्यरत असून त्यांना विश्रांतीची नितांत आवश्यकता आहे. पर्यायी परिचारिका आठ दिवसांसाठी मिळावी.' उत्तर यायचं: पर्यायी मनुष्यबळ उपलब्ध नाही. अण्णा पुन्हा लिहायचे. आठ दिवसांसाठी नाही तर पाच. पाच नाही तर तीन. मी त्या अर्जांच्या झेरॉक्स लावून ठेवायचे. आठावरून पाच आणि पाचावरून तीन होताना बघायचे आणि मला चीड यायची. ती कुणाची, हेही नीट कळायचं नाही. साहेबांना विचारलं तर ते जिल्ह्याकडं बोट दाखवायचे. जिल्हा कुणाकडं दाखवत होता, ते आमच्यापर्यंत येत नसे.

आणि मग सत्कार आला.

पहिली लाट ओसरल्यासारखी वाटत होती. एका सकाळी तात्या दोन-चार माणसं घेऊन फाटकापर्यंत आले आणि त्या दिवशी आतही आले. गावानं ठरवलं होतं, दवाखान्यातल्या सगळ्यांचा कोरोना योद्धा म्हणून सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, बायांना साडी. आमच्या भागात सत्कार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. दहावी पास झालेल्याचा, सैन्यात भरती झालेल्याचा, शर्यत जिंकलेल्या बैलाचासुद्धा सत्कार होतो. ते गावाचं मन आहे. नाही म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट सारण्यासारखं.

अण्णा म्हणाले, "तात्या, मोठं मन हाय तुमचं. पर शाल नको. त्यापेक्षा एक टँकर द्या. फाटकावर रांग लावायला रोज एक माणूस द्या. आणि या पोरीला तुमच्या जीपमधनं एकदा मेढ्याला सोडून आणा. दोन दिवसांत परत येईल. मी कसंतरी निभावतो."

"ते बी करू की. पर आधी सत्कार."

"आधी ते करा. सत्कार कवाबी हाय."

तात्यांचा चेहरा पडला. "अण्णा, तुमी आमचा मान ठेवत न्हाई. पोरास्नी सांगून ठेवलंय, फोटोवाला सांगितलाय. खोली खाली कराय लावली म्हणून राग धरलाय, व्हय?"

"न्हाई ओ."

"मग घ्या की शाल!"

डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं. गावाला दुखवून चालणार नाही, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, म्हणाले. अण्णांनी सुजाताकडे बघितलं. ती दारात उभी होती आणि तिचे डोळे चक्क हसत होते. ज्या माणसानं तिला घराबाहेर काढलं, तो माणूस तिला साडी नेसवायला आला होता. अण्णांनी तात्यांना हात जोडले. "घ्या करून. मला तेवढं सोडा. मी फाटक सांभाळतो."

नंतर पुष्कळदा ते म्हणाले, "मी अडवायला पायजे होतं. पर इतक्या महिन्यात त्या पोरीला कुणी चांगलं म्हणत होतं. ते मी कसं काढून घेणार?"

सत्कार आमच्याच व्हरांड्यात झाला. सतरंजी अंथरली, माइक आला. एकाच ताटातलं कुंकू, त्याच बोटांनी सगळ्यांच्या कपाळाला. गावातल्या बायांनी रांगेनं ओवाळलं. फोटोवाला सारखा ओरडत होता, "मास्क खाली घ्या! तोंड दिसाय पायजे!" आणि शेवटी पेढा. आमच्याकडं मान दिलेल्या माणसाच्या हातात पेढा ठेवत नाहीत, तोंडात भरवतात. पहिला तात्यांनी भरवला, मग सरपंचांनी, मग ज्याला ज्याला फोटो हवा होता त्यानं. उरलेला अर्धा पेढा भरवणारा स्वतःच्या तोंडात टाकायचा, तोही मानच. आम्हीच गावाला वर्षभर अंतर ठेवा म्हणून सांगत होतो आणि आम्हीच तोंडं उघडून रांगेत उभे होतो. मी औषधाच्या खिडकीत बसून होते. एक आजी बी.पी.च्या गोळ्यांसाठी थांबल्या होत्या, एवढ्याच कारणानं मी वाचले. मला शहाणपण होतं असं नाही. आजी गेल्या असत्या तर मीही उठले असते.

आठवड्याच्या आत डॉक्टरांना ताप आला. मग सुजाताला, मग दोन आशाताईंना, मग तात्यांना. दवाखाना बंद. म्हणजे अण्णा आणि मी होतो, गोळ्या देत होतो, पण आतलं काही नाही.

त्या बंदच्या दिवसांत, दुपारी, मेंढपाळांच्या वस्तीवरून एक जीप आली. आत पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. नवरा उतरून धावत आला. सरळ मोठ्या दवाखान्याला जायच्या ऐवजी तो वाट वाकडी करून आमच्याकडं आला होता, कारण त्याच्या बहिणीचं, वहिनीचं इथंच झालेलं. सुजाता नाही म्हटल्यावर तो मला म्हणाला, "आसं कसं? इथं हुतंय की." अण्णांनी जीपमध्ये वाकून बघितलं, फोन लावले. अँब्युलन्स दुसऱ्या टोकाला होती. ते स्वतः जीपमध्ये बसून गेले. पुढच्या दवाखान्यात खाट नव्हती, त्याच्या पुढच्यात मिळाली. बाई वाचली. बाळ राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा त्या वस्तीवर जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "चहा दिला त्यांनी मला." मग म्हणाले, "शिव्या द्यायला पायजे होत्या. चहा दिला."

तात्या बरे झाल्यावर आले. फाटकातच उभे राहिले, आत यायचं धाडस होईना. "अण्णा, माझ्यामुळं झालं." अण्णांनी त्यांना खुर्ची दिली. "सगळ्यांमुळं झालं, तात्या. बसा." दुसऱ्या दिवसापासून गावाचा टँकर सुरू झाला आणि मग कधी चुकला नाही. पाणी आलं. मी टाकी भरताना बघत होते आणि मला आनंद होत नव्हता. हा टँकर गावात वर्षभर होता. तो यायला सत्कार का व्हावा लागला?

सुजाता कामावर परतली. आल्या-आल्या कुणीतरी तिला वस्तीवरच्या बाईचं सांगितलं. ती मन लावून काम करायची, पण अण्णांनी सकाळी विचारलं, कोण झोपलं न्हाई, की ती म्हणायची, "मी झोपले." आणि तिचे डोळे सांगायचे की नाही. दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा वाईट. लसीकरण सुरू झालं, त्याच्या रांगा, त्याची भांडणं. रजेचे अर्ज चालूच होते. आता दोन दिवसांवर आले होते.

एक दिवस जिल्ह्याहून पाकीट आलं. मी धावत अण्णांकडं नेलं. वाटलं, रजा. आत सुजाताच्या नावाचं आभारपत्र होतं, लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं. अण्णांनी ते उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, "मॅडम, कृपया हे आवक नोंदवहीत घ्यावे." त्या दिवशी ते पुन्हा आपल्या नेहमीच्या बोलीत आलेच नाहीत.

महिनाअखेरीस सुजाताचं कंत्राट संपत होतं. नव्या कागदावर तिची सही हवी होती आणि ती करत नव्हती. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा. ती गेली तर डिलिव्हरी रूमला कुलूप लागेल." ते खरं होतं, आणि अण्णांइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. ते कागद घेऊन झोपेच्या खोलीत गेले. माझी खिडकी शेजारीच, भिंत पातळ.

"डॉक्टरांनी पाठवलं न्हवं?" सुजातानं विचारलं.

"व्हय."

"थांब म्हणून सांगायला?"

"व्हय."

"मग सांगा की, अण्णा. तुमी सांगितलं तर मी थांबेन. खरंच थांबेन."

खाट करकरली, अण्णा बसले असावेत. मग त्यांनी विचारलं, "पोर काय म्हणती फोनवर?"

"काय नाही म्हणत. परवा आईनं फोन दिला तिला. कुणाचा फोन गं, असं मी आईला मुद्दाम विचारायला लावलं. तर म्हणाली, नर्सबाईंचा."

मग कागद घडी घातल्याचा आवाज. "जा तू," अण्णा म्हणाले. "मी थांब म्हणणार न्हाई. मी थांबवत बसलो म्हणून हिकडं कुणाला काय करावं लागलं न्हाई. माझंच चुकलं. तू हायस म्हणून त्यास्नी वाटत होतं, चाललंय."

"मग बाळंतिणी?"

"ती तुझी एकटीची जबाबदारी कवाच नव्हती. जा. सामान बांध."

शेवटच्या दिवशी त्यांनी तिची पेटी मोटारसायकलला बांधली आणि फाट्यावर तिला एसटीत बसवून दिलं. तात्या जीप घेऊन आले होते, मेढ्यापर्यंत सोडतो म्हणत होते. सुजाता तात्यांच्या पाया पडली आणि एसटीनंच गेली.

डॉक्टरांनी अण्णांशी दोन दिवस बोलणं टाकलं. मलाही अण्णांचा राग आला होता, हे कबूल करते. आमच्याकडच्या बायांचं आता काय, हे मला विचारायचं होतं. माझ्या भावजयीला सातवा महिना चालू होता. पण मी विचारायच्या आत ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "मॅडम, जरा स्टूल धरायला येता?"

फाटकाजवळ रस्त्याकडच्या भिंतीवर आमच्या दवाखान्याचं नाव रंगवलेलं आहे, आणि खाली निळ्या ठळक अक्षरांत: येथे चोवीस तास प्रसूतीची सोय आहे. अण्णांच्या हातात चुन्याची बादली आणि कुंचला होता. ते स्टुलावर चढले आणि त्या ओळीवर चुना फिरवायला लागले. डॉक्टर बाहेर आले. "अण्णा, हे काय? ही ओळ वरून आलेली आहे. जागा भरेपर्यंत तरी राहू द्या."

अण्णा स्टुलावरून वळले. मला वाटलं, आता 'कृपया' येणार. पण ते साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, जागा कवा भरणार?"

डॉक्टर आत गेले.

एक जीपवाला थांबला. "अण्णा, काय करतायसा? चांगलं लिवल्यालं पुसताय कशाला?"

"इथं वळू नका म्हणून. बाळंतीण असली की सरळ पुढं जायचं. बाकीच्या गाडीवाल्यास्नी बी सांग."

"आणि सुजाताबाई?"

"तिच्या घरी हाय."

जीपवाला गेला. ओळ संपली तरी ओल्या चुन्यातून निळी अक्षरं सगळी वाचता येत होती. मी म्हटलं, "अण्णा, दिसतंय अजून." ते म्हणाले, "चुना वाळल्याशिवाय पांढरा पडत न्हाई. पर मला दम न्हाई," आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडे दिवस राहिले होते. मी स्टूल धरून उभी राहिले. चुन्याचे थेंब त्यांच्या मनगटावरून ओघळून बाहीत जात होते. ते हात खाली घेत नव्हते.